रामजोशींनी टाकून दिलेले गाणे

जुन्या गाण्यांची आवड म्हणजे स्वतःच्या गतायुष्याची आवड, असे सर्वसाधारणपणे समजले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मधून ऐकलेले एखादे गीत पुन्हा कानी पडले की त्याच्यामागून त्या वेळचे घर येते, स्वयंपाकघरातील हालचाल येते, उद्याच्या परीक्षेची धास्ती येते; आणि ऐकणारा सोलापूरचा असेल तर पाळी बदलल्याचा गिरणीचा भोंगाही येतो. भोंगे केव्हाच बंद पडले, गिरण्यांच्या जागा ओळखू येईनाशा झाल्या, पण गाणे तेवढे शाबूत राहिले. अशा आवडत्या जुन्या गाण्यांची यादी करावयास जुन्या पिढीतील कोणाही मराठी माणसास सांगितले, तर त्यात ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटातील सुंदरेची लावणी हटकून असेल. जयराम शिलेदारांचा तो खुला, ठसकेदार आवाज ज्याने एकदा ऐकला त्याला तो विसरता येत नाही. चित्रपट १९४७ सालचा. म्हणून गाणेही त्याच सालचे, असे ऐकणारा धरून चालतो.

परंतु ती लावणी चित्रपटासाठी लिहिलेली नव्हे. तिचा कर्ता १८१२ साली निवर्तला. म्हणजे पडद्यावर येण्यापूर्वी निदान एकशे पस्तीस वर्षे ती महाराष्ट्रात गायिली जात होती. आणि हा कर्ता याच सोलापूरचा, येथील एका जोशी घराण्यातला. ज्या गावात हे गाणे जन्मले त्या गावातही ते आज मुख्यतः एका चित्रपटाची आठवण म्हणून ऐकले जाते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. गाण्याने आपली आठवण जपली; पण गाणाऱ्याची आठवण आपण कशी जपली, हे त्यामुळे पाहावेसे वाटते.

रामजोशींचा जन्म १७६२ च्या सुमाराचा. पानिपताचा घाव अजून ओला होता आणि थोरले माधवराव पेशवे नुकतेच गादीवर आले होते. घराण्याची वृत्ती जोशीपणाची. वडील बंधू मुद्गल जोशी हे व्युत्पन्न पुराणिक म्हणून गावात मान्यता पावलेले. अशा घरातील धाकट्या मुलाने पंचांग उघडावे, मुहूर्त काढून द्यावेत, चातुर्मासात भावाच्या पोथीशेजारी बसून दुसरी पोथी सोडावी, आणि दक्षिणेवर संसार करावा, हा क्रम ठरलेलाच होता. सोलापूरही तेव्हा गिरण्यांचे शहर नव्हते. भुईकोट किल्ला, त्याच्या अंगास सिद्धेश्वराचे तळे आणि देऊळ, भोवती पेठा. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी हिंदुस्थानी या बोली एकाच बाजारात ऐकू याव्यात असे हे सरहद्दीवरचे गाव. मुलाचे कान या बाजारात तयार झाले, ही गोष्ट पुढे त्याच्या कवितेत दिसून येते.

या मुलाला तमाशाचा नाद लागला. आजच्या वाचकाने तमाशा म्हटल्यावर डोळ्यांसमोर कनात, तिकीटविक्री आणि दिव्यांचा झगमगाट आणू नये. त्या काळी डफ, तुणतुणे आणि ढोलकी यांच्या साथीवर शाहीर उभा राही, मागे झीलकरी ‘जी जी’चा सूर धरीत, आणि दोन फड समोरासमोर आले म्हणजे सवाल-जबाब झडत. कलगीवाले आणि तुरेवाले यांच्या या झगड्यांतून अध्यात्माची कूटे सुटत आणि शृंगाराच्या लावण्याही होत. श्रोत्यांत शिपाई, शेतकरी, बलुतेदार आणि सावकारही असत. नसत ते घरंदाज ब्राह्मण, निदान उघडपणे तरी नसत. सोलापुरातील धोंडी शाहिराच्या फडाचा रामजोशींना विशेष लळा होता, असे परंपरा सांगते. प्रथम ऐकणे, मग आपणच कवने रचून देणे, आणि शेवटी स्वतःच फडात उभे राहणे, अशा पायऱ्यांनी ते त्यात उतरत गेले. मुद्गल जोश्यांना ते सहन होण्यासारखे नव्हतेच. ज्या घराच्या ओसरीवर पुराण चालते त्या घरातील मुलगा रात्री डफावर थाप मारतो, ही गोष्ट घराण्याच्या वृत्तीवरच येणारी होती. भावाने भावाला घराबाहेर काढले.

येथे रामजोशींच्या चरित्रातील खरे विलक्षण वळण लागते, आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. घराबाहेर काढलेला तरुण फडाच्या आश्रयाला गेला असता तर ते साहजिक झाले असते. रामजोशी गेले पंढरपुरास, आणि तेथे शास्त्र्यांच्या पायाशी बसून त्यांनी संस्कृत काव्यशास्त्राचे कसून अध्ययन केले. हे अध्ययन दिखाऊ नव्हते. ‘मदालसाचंपू’ ही संस्कृत रचना त्यांच्या नावावर आहे, यावरून त्यांची तयारी कळते. घराने जे शिकवावयाचे ते घराबाहेर पडून शिकलेला हा विद्वान सोलापुरास परतला, कीर्तने करू लागला, आणि काही काळाने पुन्हा तमाशात गेला. मात्र आता तो रिकाम्या हाताने गेला नाही. त्याच्याबरोबर अनुप्रास, यमके, अपन्हुती आणि दीर्घ समास अशी सारी सामग्री फडात गेली.

मराठी लावणीला रामजोशींनी काय दिले, याचे उत्तर येथे आहे. त्यांच्या आधीही लावणी होती आणि ती गोड होती. होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्यांचा गोडवा त्यांच्या काळानंतरही ओसरला नाही. होनाजी ऐकणाऱ्याला जवळ बसवून सांगतो. रामजोशींचा थाट निराळा. ते शब्दांचा मारा करतात. एका ओळीत चार-चार, पाच-पाच यमके आणून ठेवतात आणि तरीही ठेका चुकू देत नाहीत. सुंदरेच्या लावणीचे रहस्य हेच आहे. तिचा विषय काय, तर जाता जाता दृष्टीस पडलेली एक रूपवती स्त्री. या विषयावर संस्कृतात हजारो श्लोक आहेत. पण ते सारे अलंकार डफाच्या तालावर चढवून, बाजारातल्या माणसाला अर्थ पुरता कळो वा न कळो, त्याच्या जिभेवर ते घोळत राहतील अशा रीतीने त्याच्या हाती देणे, हे काम रामजोशींचे. संस्कृत आणि मराठी यांची सरमिसळ तर त्यांनी केलीच. मराठीच्या जोडीला संस्कृत, कानडी आणि हिंदुस्थानी घेऊन त्यांनी लावणी बांधली. सोलापूरच्या मंगळवारच्या बाजारात फेरफटका मारणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. इतर गावच्या पंडितांना मात्र तो चमत्कार वाटला.

शृंगाराइतकाच त्यांचा हात उपदेशातही चालत असे. ढोंगी बैराग्याची जटा आणि रंगवलेली वस्त्रे यांची त्यांनी लावणीतून जी रेवडी उडवली आहे ती आजही पुष्कळांना मुखोद्गत आहे, आणि वर्गात अनुप्रास शिकवावयाचा तर मराठीच्या शिक्षकाला याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण. ज्याने ही लावणी लिहिली तो स्वतः ब्राह्मण, शास्त्राभ्यासी आणि तमासगीर होता, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्यातील धार कोणाकडे वळली होती हे सांगावे लागत नाही. भावाच्या ओसरीवर बसणारी मंडळीही ती ऐकत असतील.

यानंतर येतो तो मोरोपंतांचा प्रसंग. बारामतीचे मोरोपंत म्हणजे त्या काळच्या पंडिती काव्याचे शिखर. आर्या म्हणजे मोरोपंत, असे समीकरण तेव्हाच झाले होते. त्यांनी रामजोशींचे कवित्व पाहिले आणि अशी वाणी तमाशात खर्ची पडावी याची त्यांना हळहळ वाटली. त्यांच्या बोलण्याने रामजोशींना उपरती झाली, त्यांनी डफ टाकला आणि वीणा घेतली, अशी हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मोरोपंत १७९४ साली वारले. तेव्हा हे वळण आले त्या वेळी रामजोशींचे वय फार तर बत्तिशीचे असणार. पुढे ते नामांकित कीर्तनकार झाले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून गावोगाव नेल्या. ज्या आर्या पोथीत बांधून राहावयाच्या त्या लोकांच्या कानी पडल्या, यात या माजी तमासगिराचा वाटा मोठा होता. तमाशात कमावलेला आवाज, श्रोत्यांना धरून ठेवण्याची हातोटी आणि शब्द फेकण्याची कला ही सगळी शिदोरी वीणेच्या जोडीला होतीच. डफ टाकता येतो, पण डफाने शिकवलेले टाकता येत नाही.

या उपरतीच्या कथेविषयी एक शंका नमूद करावीशी वाटते. संगमनेरचे अनंत फंदी हे रामजोशींचे समकालीन, तेही ब्राह्मण, तेही तमासगीर. त्यांनीही तमाशा सोडून कीर्तन धरले, आणि त्यांना तो उपदेश अहिल्याबाई होळकरांनी केला, असे सांगतात. दोन ब्राह्मण शाहीर, दोघांचा एकच अपराध, दोघांना एकेका पूज्य व्यक्तीचा उपदेश, आणि दोघांचे एकच प्रायश्चित्त! दोन्ही घटना खऱ्या असू शकतील. तरी अशी कथा सांगण्याची गरज कोणाला होती, हा प्रश्न उरतोच. लावणी आवडत होती, पण ती आवडते हे कबूल करणे शिष्ट समाजाला जड जात होते. कर्त्याला अखेरीस पश्चात्ताप झाला असे एकदा सांगून टाकले की मग त्याची लावणी गुणगुणण्यास हरकत राहत नाही. म. वा. धोंड यांच्यासारख्या चिकित्सक अभ्यासकाने पुढे लावणीचा विचार काव्य म्हणून केला. तोपर्यंत शिष्टांनी तिच्याकडे बहुधा दाराआडूनच पाहिले.

कीर्तनकार म्हणून रामजोशींना पैसा आणि मान मिळाला, पण हाती काही टिकले नाही. स्वभाव उदार आणि खर्चिक. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात गुणिजनांना आश्रय होता आणि बिदागीही होती. रामजोशींचा या दरबाराशी संबंध आला. बाजीरावाच्या दरबारी वैभवाला पोखरलेपण आले होते, हे पुढे सर्वांनाच दिसले. रामजोशी ते पाहण्यास राहिले नाहीत. १८१२ साली, पन्नाशीच्या आसपास, पुण्यातच त्यांचा अंत झाला. सहा वर्षांनी, १८१८ साली, पेशवाई बुडाली आणि सोलापूरचा किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला.

आता हिशेब पाहावा. कीर्तनकार रामजोशींची कीर्तने त्यांच्या श्वासाबरोबर संपली. कीर्तनाचा धर्मच तो. ‘मदालसाचंपू’ विद्वानांच्या टिपणांत राहिला. राहिल्या त्या लावण्या, म्हणजे पंतांच्या उपदेशानंतर त्यांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली असे आपण मानतो त्याच. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांनी शाहिरी वाङ्मय धुंडाळून छापले, त्यात रामजोशींच्या लावण्याही ग्रंथरूपाने सुरक्षित झाल्या. पण छापील पुस्तक वाचून कोणाला गाणे आवडू लागत नाही. एका फडातून दुसऱ्या फडात, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात असा त्यांचा प्रवास सव्वाशे वर्षे चालला, आणि मग १९४७ साल उजाडले.

व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराने ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला तेव्हा दिग्दर्शनात बाबूराव पेंटर होते, संगीत वसंत देसाई यांचे होते, आणि पटकथा, संवाद व गीते यांची कामगिरी ग. दि. माडगूळकर या तरुण कवीकडे होती. रामजोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बयेच्या भूमिकेत हंसा वाडकर. चित्रपट अफाट चालला. तमाशाच्या पार्श्वभूमीवरील मराठी चित्रपटांची जी लाट पुढे अनेक वर्षे उसळत राहिली, तिचा उगम येथे आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी घडली. शिक्षक, कारकून, वकील यांच्या घरांतील बायामुले, ज्यांना तमाशाच्या वाऱ्यालाही उभे राहू दिले जात नसे, ती चित्रपटगृहात खुर्चीवर बसून उजळ माथ्याने लावणी ऐकू लागली. मग तबकडी आली, रेडिओ आला, आणि जे गाणे मुद्गल जोश्यांच्या ओसरीवर चढू शकले नाही ते माजघरात जाऊन बसले. आज ज्यांना हे गाणे ऐकून आईची किंवा आत्याची आठवण येते त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की त्या आत्याच्या आत्याला ते गाणे म्हणण्याची मुभा नव्हती.

चित्रपटाने एक देणे दिले, तसे एक नेलेही. खऱ्या रामजोशींच्या जागी पडद्यावरचा रामजोशी बसला. लोकांच्या डोक्यात राहिली ती ब्राह्मण कवी आणि तमाशातील बया यांची प्रेमकथा. पंढरपूरचे अध्ययन, संस्कृत रचना, चार भाषांची लावणी, मोरोपंतांच्या आर्यांचा प्रचार हे सगळे मागे पडले. चार वर्षांनी, १९५१ साली, शांतारामबापूंनी ‘अमर भूपाळी’ काढून होनाजीलाही असेच घरोघरी नेले, आणि तेथेही लोकांनी चित्रपटालाच चरित्र मानले. यात चित्रपटाला दोष देण्याचे कारण नाही. चित्रपटकाराने आपले काम केले. इतिहास सांगण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते चित्रपटावर सोपवून दिले, इतकेच.

आणि त्या बयेचे काय? रामजोशींच्या फडाच्या हकीकतींत बया आणि चिमा ही दोन नावे येतात. यांच्या गळ्यातून ती लावणी प्रथम लोकांपर्यंत गेली असावी, असे मानण्यास जागा आहे. कवीला चरित्र मिळाले, अपराध मिळाला, उपरती मिळाली. या दोघींच्या वाट्याला नावापलीकडे काही आले नाही. त्यांना उपदेश करण्यास कोणी मोरोपंत गेले नाहीत, आणि टाकून देण्यासाठी त्यांच्याजवळ दुसरी वृत्तीही नव्हती. पडद्यावरील बयेने, हंसा वाडकर यांनी, १९७० साली आपली कहाणी ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रात निर्भीडपणे मांडली. मूळच्या बयेची कहाणी मांडून ठेवावी असे त्या काळी कोणास वाटले नाही.

जाता जाता पंढरपूरचा उल्लेख पुन्हा केला पाहिजे. ज्या क्षेत्री रामजोशी शास्त्र शिकले त्याच क्षेत्री, रुक्मिणीमातेचे परंपरागत पुजारी असलेल्या उत्पात घराण्यांतील रसिकांनी बैठकीची लावणी जिवापाड जपली. ज्ञानोबा उत्पात यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते, आणि सत्यभामाबाई पंढरपूरकर यांच्यासारख्या गायिकांनी ती अदाकारी महाराष्ट्राला दाखवली. देवळातील पूजा आणि फडातील लावणी यांत निवड करावीच लागते, हा मुद्गल जोश्यांचा आग्रह पंढरपूरच्या या पुजाऱ्यांनी मानला नाही. सोलापूर जिल्हा या बाबतीत श्रीमंतच म्हणावा लागेल: मोडनिंबची कलाकेंद्रे याच जिल्ह्यात, १९९० च्या दशकात सुरू होऊन नावारूपास आलेली अकलूजची लावणी स्पर्धाही याच जिल्ह्यातली.

तरीही रामजोशींच्या पुस्तकात शब्द आहेत, चाल नाही. सुंदरेची जी चाल आपल्या कानात आहे ती वसंत देसाई यांच्या चित्रपटातली. ज्या रचना चित्रपटात आल्या नाहीत, त्यांपैकी कोणती कोणत्या चालीवर आणि कोणत्या अंगाने म्हणावयाची, हे जाणणारी वृद्ध गायक-गायिकांची पिढी झपाट्याने विरळ होत चालली आहे. येथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांतून रामजोशी अभ्यासक्रमापुरते वाचले जातात. त्याच विभागांनी ध्वनिमुद्रणाचे साधन घेऊन, आणि ते आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात असते, मोडनिंबला आणि पंढरपूरला चार हेलपाटे घातले, तर त्या चार भाषांच्या लावणीची एखादी जुनी चाल अजूनही कोणाच्या तरी गळ्यात सापडण्याचा संभव आहे. बैराग्याच्या लावणीची तर नक्कीच.